हत्तिणीच्या पायातले दोन सूर

फार फार वर्षांपूर्वी, दगडांनासुद्धा ऐकू यायचं म्हणतात त्या काळी, एका डोंगरी राज्यात एक वैदीण राहत होती.

त्या राज्यात नाडी बघायची रीत नव्हती. आजाऱ्याला काळ्या चुंबकशिळेवर निजवायचे आणि उशाशी शंख फुंकायचे. शंख थांबला की त्याच्या अंगातून बारीक गुणगुण उठायची. अंगातलं पाणी गुणगुणायचं, तशी चरबीही गुणगुणायची. पाणी कुठे साचलंय ते वैदीण कान लावून ओळखायची, कारण पाणी तिथे रोग.

एकदा राजाची म्हातारी हत्तीण लंगडू लागली. अख्ख्या गावाची पोरं तिच्या पाठीवर वाढलेली. वैदीणही लहानपणी तिच्याच सोंडेला लोंबकळायची. हत्तिणीच्या पायात पाणी साचलं होतं, पण नेमकं कुठे ते कळेना. हत्तीचा तळवा म्हणजे चरबीची गादीच. त्या चरबीच्या गुणगुणीत पाण्याचा सूर बुडून जायचा. भलत्या जागी चीर दिली तर पाय कायमचा जाणार. आणि राजाने तर सांगूनच टाकलं होतं की, दरबार उन्हाळी गडावर हलायच्या आत हत्तीण चालली नाही, तर तिला रानात सोडायचं. रानात वाघ होते.

वैदिणीने हत्तिणीचा पाय चुंबकशिळेवर ठेवून शंख फुंकला. गुणगुण भरात आली तसा तिने कान लावला, आणि ती उतरू लागताच उचलला. गुरूंनी तसंच शिकवलं होतं. पडत्या सुरात काय राम, असं ते म्हणायचे. पण भरातल्या सुरात सगळंच कालवलेलं. वैदिणीला रडू कोसळलं.

हत्तीण हळूच म्हणाली, "बाई गं, माझा आवाज चढला की ऐकतेस आणि पडला की उठून जातेस. लहानपणी अशी नव्हतीस."

वैदीण ओशाळली. तिला हत्तिणीकडे बघवेना, म्हणून ती बाहेर बघत बसली.

बाहेर वडाच्या एकाच फांदीवर दोन मुली दोन झोपाळ्यांवर झुलत होत्या. एकीचा दोर जरा लांब, म्हणून तिचा झोका जरा संथ. दोघी बरोबरीने पुढे गेल्या की फांदी करकरायची. मग एक हळूहळू मागे पडायची, एक पुढे तर दुसरी मागे असं व्हायचं, आणि फांदी गप्प व्हायची. झोके मात्र चालूच असायचे.

वैदीण कितीतरी वेळ बघत राहिली. मग उठून तिने पुन्हा शंख फुंकला, आणि या वेळी कान उचललाच नाही.

पाण्याचा सूर चपळ होता, चरबीचा किंचित संथ. त्या दोन झोक्यांसारखे भरात दोघे एका बाजूला होते, पडतीत एकमेकांविरुद्ध. वैदिणीने डोळे मिटून दोन्ही वेळचं ऐकलेलं एकत्र केलं. एकदा पाण्याबरोबर आणि एकदा पाण्याविरुद्ध गेलेल्या चरबीने स्वतःलाच खोडून टाकलं. उरलं ते नितळ पाणी, टाचेच्या आत, बोराएवढ्या जागेत.

तिथेच तिने चीर दिली. पाणी वाहून गेलं. दरबार गडावर निघाला तेव्हा हत्तीण सगळ्यांच्या पुढे चालत होती, आणि तिच्या पाठीवर, लहानपणीसारखी, वैदीण बसली होती.

मुलांनो, आणि मान डोलावणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ध्यानात ठेवा: सूर जुळलेले असताना कुणीही ऐकतं, ते विरुद्ध गेल्यावरही जो कान लावून बसतो, त्यालाच खरं काय ते कळतं.