मधल्या मापाचे सात

"मग या सातांना कुठल्या बाजूला घालू, भन्ते?"

रेवतीच्या आवाजात प्रश्नापेक्षा तक्रारच जास्त होती.

भन्ते सुमेध भिक्खू होऊन चीवर घेण्याआधी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. रेवती त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच ती विहारात सल्ला मागायला नव्हे, शाबासकी घ्यायला आली होती.

दोन वर्षं तिने ढेकूण गोळा केले होते. काही डोंगरातल्या लेण्यांतले, वटवाघळांच्या रक्तावर जगणारे. काही खालच्या गावातल्या खाटांमधले. पूर्वज एकच. एक शाखा माणसाच्या अंथरुणात आली, दुसरी वरच राहिली. आता पायांची मापं वेगळी, सोंडेची वेगळी. रेवतीच्या मते लेण्यातली जात नवी होती, आणि तिला ती भन्तेंचं नाव देणार होती.

अडले होते ते हे सात. ना इकडच्या मापाचे, ना तिकडच्या. लेखातून तिने त्यांना वगळलं होतं.

"हे सात सोडले तर सगळं स्वच्छ आहे," ती म्हणाली.

भन्तेंनी त्या सातांची काचेची कुपी उचलली. कुपीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं होतं. चीवर सारून त्यांनी ती आपल्या दंडावर पालथी धरली.

"भन्ते, हे काय..."

"किती दिवसांचे उपाशी आहेत?"

रेवतीला आठवावं लागलं. तीन आठवडे झाले होते. बाकीच्या कुप्यांना ती दर आठवड्याला स्वतःच्या हातावर पाजत होती. हिची तिला आठवणच राहिली नव्हती.

जाळीआड एकेक चपटं पोट लाल होत फुगू लागलं. भन्ते डोळे मिटून बसले होते, मांडीवर नातवंड घेतल्यासारखे.

रेवतीला मान वर करवेना. थोड्या वेळाने तिने लेखाची प्रत काढली आणि मापांच्या तक्त्याखाली सात नव्या ओळी आखल्या. आता दोन्हीकडची मापं एकमेकांत मिसळत होती; नव्या जातीचा निष्कर्ष टिकणार नव्हता. भन्तेंचं नावही जाणार होतं... ते तिने त्यांना हळूच सांगितलं.

भन्ते हसले. दोन ढेकूण अजून चपटेच होते. रेवतीने न विचारता बाही वर केली आणि हात पुढे केला.

कुपी तिच्या हातावर ठेवत भन्ते म्हणाले, "धर. त्यांच्या लेखी तू आणि मी वेगळे नाही."