कुंभाराचं पिल्लू आणि चुकलेली वेळ

एका गावाच्या टोकाला, ओढ्याच्या अलीकडे, एक कुंभार राहत होता. त्याच्या घागरींना पंचक्रोशीत नाव होतं आणि त्याच्या वेळेला त्याहून जास्त. दिवस उगवण्याआधी तो आदल्या दिवशी भिजवलेली माती तुडवायचा. ऊन अंगणात उतरलं की चाकावर बसायचा. दुपारी मडकी अर्धवट सुकली की आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ती ठोकून मोठी करायचा. हे काम नाजूक. लवकर ठोकलं तर मडकं बसतं, उशीर झाला तर तडकतं. त्यामुळे त्याची थापटी रोज एकाच वेळी वाजायची. ती ऐकून शेजारणी म्हणायच्या, "चला, दुपार कलली, गुरांना पाणी दाखवा."

अशा वक्तशीर माणसाच्या घरी कुत्र्याचं पिल्लू आलं.

कारण सरळ होतं. गावातल्या मोकाट शेळ्या वाळत घातलेल्या मडक्यांतून उड्या मारत जायच्या. राखणीला कुत्रं हवं होतं. ओढ्यापलीकडच्या माळावर एक म्हातारी धनगरीण मेंढरं राखायची. तिच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. दोन महिन्यांचं एक पिल्लू तिनं कुंभाराच्या हातात ठेवलं.

"नेतोस तर ने," म्हातारी म्हणाली. "पण पहिल्या दिवसापासून याला वेळा लावून दे. खायची, बाहेर जायची, निजायची."

कुंभार हसला. "आजी, वेळ मातीला लागते. तिला अक्कल नसते. याला अक्कल आहे, शिकेल आपलं आपण."

म्हातारीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे. "तुझ्यापेक्षा जास्तच दिसतेय," ती म्हणाली आणि मेंढरांमागे निघून गेली.

पिल्लाचं पोट गोल होतं, म्हणून कुंभारणीनं त्याचं नाव ठेवलं बोळकं. बोळक्याचे लाड झाले. कुंभार जेवताना भाकरीचा तुकडा टाकायचा. कुंभारणीला दया आली की ती ताक पाजायची, आणि तिला दया दिवसातून कितीही वेळा यायची. कधी दोघांनीही दिलं, कधी दोघांनीही नाही. पिल्लाला बाहेर कुंभारणीनं नेलं असेल असं कुंभाराला वाटायचं. कुंभारणीला वाटायचं, त्यांनी नेलं असेल. पिल्लू बिचारं कुणावर विसंबणार? जिथं लागली तिथं बसायचं.

आधी ते राखेत बसलं. मग सुपाजवळ. मग, अक्षय्य तृतीया बारा दिवसांवर आलेली असताना, छपराखाली वाळणाऱ्या घागरींच्या रांगेत.

त्या सणाला गावातल्या प्रत्येक घरी नवी घागर पाण्यानं भरून पितरांच्या नावानं पुजायची रीत होती. साऱ्या गावाच्या घागरी या एका छपराखाली होत्या, आणि त्या कच्च्या होत्या. कच्ची माती ओली झाली की विरघळते. तीन घागरींची बुडं सुटली.

कुंभारानं पिल्लाचं मानगूट धरलं, नाक ओल्या मातीत घासलं आणि दोन रट्टे दिले. पिल्लू शिकलं. माणसाच्या देखत बसायचं नाही, एवढं ते शिकलं. पुढचे चार दिवस ते गुपचूप रांगेच्या पाठीमागे, भिंतीच्या कडेला जाऊन बसू लागलं. कुणाला दिसलं नाही. पाचव्या दिवशी एकावर एक रचलेल्या घागरींची अख्खी मागची रांग खचली. तीस घागरींचा चिखल झाला. आणि घागरी भाजायचा आवा पेटवायला आता पाचच दिवस उरले होते.

कुंभारानं पिल्लू काखेत मारलं आणि तो तरातरा निघाला.

पारावर चार माणसं बसली होती. मधोमध पाटील. झालेला प्रकार ऐकून जो तो शहाणा झाला.

"नाक नीट घासलं नसशील," एक म्हणाला.

"चोवीस तास दोरीला बांध," दुसरा म्हणाला.

"वाणच खराब," पाटलांनी निकाल दिला. "सोड ओढ्यापलीकडं, करवंदीच्या जाळीत. तरसाचं पोट तरी भरेल."

तीन तोंडं, तीन मतं, आणि प्रश्न एकही नाही. ज्याला शिक्षा झाली होती ते कुंभाराच्या काखेत बसून पाटलांच्या मिशांकडे बघत शेपूट हलवत होतं.

कुंभार ओढ्यात उतरला. पलीकडे जाळीच्या तोंडाशी धनगरीण काठीवर हनुवटी टेकून उभी होती. मेंढरं पाण्यावर आली होती.

"कुठं चाललास माझं पिल्लू घेऊन?"

कुंभारानं सगळं सांगितलं. आधी तीन, मग तीस. कुठल्या रांगेतल्या, कुठल्या आकाराच्या, सगळं तोंडपाठ होतं.

म्हातारीनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काल याला खायला केव्हा दिलंस?"

"दिलं असेल."

"कुणी?"

"घरात कुणीतरी."

"जेवल्यावर बाहेर कुणी नेलं?"

कुंभारानं पिल्लू एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

"झोपून उठलं तेव्हा?"

कुंभारानं ओढ्याच्या पाण्याकडे पाहिलं.

"याचे गुन्हे तुला घागरींसकट पाठ आहेत," म्हातारी कडाडली, "आणि याच्या पोटात काय केव्हा गेलं ते ठाऊक नाही! तरी निकाल लागला? दुपारी थापटायची वेळ तू चुकवलीस अन् मडकं तडकलं, तर माती नेऊन टाकतोस का तरसापुढं?"

 या प्रश्नाचं उत्तर कुंभाराच्या पायाखाली रोज पहाटे तुडवलं जात होतं.

"पाच दिवस देते," म्हातारी म्हणाली. "उठलं की बाहेर. खाल्लं की बाहेर. खेळून दमलं की बाहेर. जागा एकच, उकिरड्याकडची. तिथं बसलं की शाबासकी दे, घरात बसलं तर मुकाट पूस. वेळ चुकली तर पिल्लू परत माझ्याकडं आणून द्यायचं."

"आणि पिल्लू चुकलं तर?"

"वेळ तू पाळलीस तर ते चुकणार नाही. आता जा, उन्हं चढली."

कुंभार घरी आला आणि तीस घागरी पुन्हा घडवायला लागला. त्यानं पिल्लाचा दिवस आपल्या मातीच्या दिवसाला बांधला. माती तुडवून झाली की पिल्लू बाहेर. चाकावर बसण्याआधी त्याला भाकरी-ताक, आणि लगेच बाहेर. दुपारची डुलकी छपराच्या खांबाशी. खांबाची सावली पाट्याच्या दगडाला लागली की पिल्लू उठायचं. तेव्हा थापटणं खाली ठेवायचं आणि त्याला न्यायचं.

"अहो, थापटणं हातातून सोडताय?" कुंभारणीनं विचारलं.

"दोन घागरींच्या मध्ये सोडतो. तेवढ्यात काही तडकत नाही. आणि तू मधेच दया करू नकोस. दया करायचीही वेळ ठरलीय."

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. कुंभार हातातलं काम ठेवून पिल्लामागे उकिरड्यापर्यंत जातो, तिथं उभा राहतो आणि मग "शाब्बास रे वाघा!" म्हणून ओरडतो, हे पाहून शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. तिसऱ्या दिवशी पिल्लू स्वतःच सावली पाट्याला लागताच उठून दाराशी उभं राहिलं. कुंभाराच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारणींना त्यानं ते धुराचं म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी पाटील आले.

"काय रे कुंभारा, कुत्र्याची चाकरी करतोस म्हणे?" ते खाटेवर ऐसपैस बसले. "माझ्या वाड्यावरची मोठी घागर कुठाय? दाखव."

कुंभारानं घागर दाखवली. पाटलांना तिचा गळा आवडला नाही. मग त्यांच्या आजोबांच्या वेळची घागर कशी होती ते त्यांनी सांगायला घेतलं. सावली पाट्याला लागली. पिल्लू उठलं. दाराशी गेलं, परत आलं, कुंभाराच्या धोतराला नाक लावून कुंई कुंई करू लागलं. पाटलांचं बोलणं कसं तोडावं? कुंभारानं पायानंच पिल्लाला बाजूला सारलं. पिल्लू पुन्हा आलं. पुन्हा सारलं. पाटील आजोबांवरून पणजोबांवर गेले.

ते उठून गेले तेव्हा कुंभार मागे वळला. पाटलांच्याच घागरीचं बूड ओलं होऊन बसत चाललं होतं. शेजारी पिल्लू अंग चोरून, कान पाडून उभं होतं. कोपऱ्यातली काठी कुंभाराच्या हातात कधी आली ते त्यालाही कळलं नाही.

मग त्यानं खांबाकडे पाहिलं. सावली पाट्याचा दगड ओलांडून हातभर पुढे गेली होती.

कुंभारीण पाण्याला गेली होती. छपराखाली दुसरं कुणी नव्हतं. घागर मातीत मिसळून टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. पिल्लू तर सांगणार नव्हतं.

कुंभारानं काठी कोपऱ्यात ठेवली. पिल्लाला उचललं आणि ओढा ओलांडून माळावर गेला. सगळा रस्ता पिल्लू त्याची हनुवटी चाटत होतं, त्यामुळे रस्ता फार लांब झाला.

"आजी, घे तुझं पिल्लू," तो म्हणाला. "वेळ चुकली. यानं दोनदा सांगितलं, मी दोनदा लाथाडलं. मला पाटलांची भीड वाटली. याची कुठली वाटणार?"

म्हातारीनं पिल्लू हातात घेतलं नाही.

"काय मोडलं?"

"मोडलं ते माझ्यामुळं. याचं नाव घेऊ नको."

"मग परत ने," म्हातारी म्हणाली. "वेळ पाळणारे पुष्कळ बघितले. चुकली म्हणून स्वतःच्या पायानं सांगायला आलेला तू पहिलाच. आणि पळ, त्याच्या खायची वेळ झाली."

पाचव्या दिवशी आवा पेटला. सणाला साऱ्या गावाला नव्या घागरी मिळाल्या. पाटलांच्या वाड्यावर मात्र त्या वर्षी मधल्या आकाराची घागर गेली. कारण विचारायला गडी आला तेव्हा कुंभारानं खरं तेच सांगितलं, आणि पाटील वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. पिल्लाचं कुत्रं झालं. शेळ्यांनी वाट बदलली.

दोन वर्षांनी पाटलांनीच एक पिल्लू पाळलं. महिन्याभरात ते पारावर आणलं गेलं. गादी नासवली होती. माणसं जमली, मतं सुरू झाली. कुंभार तिथून माती घेऊन चालला होता. त्यानं घमेलं खाली ठेवलं.

"पाटील, काल याला खायला केव्हा दिलंत?"

पाटलांनी गड्याकडे पाहिलं, गड्यानं आभाळाकडे. कुंभारानं पिल्लाला उचललं आणि आधी त्याला पारापासून दूर, आडोशाला नेऊन आणलं.

तात्पर्य: लहानग्याच्या हातून चूक झाली तर आधी मोठ्याचा दिवस तपासावा. मुक्या जिवाला दोषी ठरवणं सोपं असतं, कारण तो उलट प्रश्न विचारत नाही. म्हणून ते प्रश्न ज्यानं त्यानं स्वतःलाच विचारावेत.