काळजाची स्टेपनी

मिरजेच्या जयवंतशेठांचा एक नियम होता. स्टेपनी, म्हणजे जास्तीचं चाक, दाखवल्याशिवाय त्यांचा एकही ट्रक गेटबाहेर पडत नसे. शेठ स्वतः गेटवर खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येकाला दरडावत, "रानात टायर फुटला तर काय करशील?"

त्यांचा जुना ड्रायव्हर इस्माईल मुजावर हळद भरून कलकत्त्याला निघाला, तेव्हा शेठांनी त्याला सगळ्यांसमोर धारेवर धरलं.

"ढाब्यावर गरमागरम मिळत असताना तू स्टोव्हवर भाकरी थापत बसतोस म्हणे! वर दर चार तासांनी गाडी उभी करून अर्धा तास चालतोस. ड्रायव्हर आहेस की पैलवान? आजपासून हे थांबे बंद!"

इस्माईलनं किल्ली काढून शेठांच्या हातावर ठेवली.

"बंद करतो, शेठ. पण मग तुमच्याच नियमानं ही गाडी सोडता येणार नाही."

"का? स्टेपनी आहे की!"

"ती चाकाची. गाडीला दहा चाकं आहेत, तरी अकरावं बघितल्याशिवाय तुम्ही सोडत नाही. माझ्या छातीत काळीज एकच आहे. त्याची स्टेपनी द्या, कलकत्त्यापर्यंत कुठंही थांबणार नाही."

कुणीच हसलं नाही. गेल्या पावसाळ्यात काळीज बंद पडून स्टेअरिंगवरच गेलेला ड्रायव्हर दिनकर सगळ्यांना आठवला.

शेठांनी किल्ली परत दिली. खुर्चीतून उठतानाच त्यांना धाप लागली.

"थांबत थांबत जा," ते हळूच म्हणाले. मग गेटवर उभी असलेली आपली मोटार तिथंच ठेवून ते घरी चालत निघाले.