मानाजीरावांचं टक्कल

आमच्या भागातली ही जुनी गोष्ट. मानाजीराव जहागीरदारांना ऐन तिशीत टक्कल पडलं. तालमीतल्या बिरू पैलवानाचे दाट केस दिसले, की त्यांना घास गोड लागत नसे. जोर-बैठकांनीच याचे केस टिकले असणार, असं मनाशी धरून त्यांनीही सहा महिने तालमीत घाम गाळला. दंड भरले, छाती रुंदावली, पण डोक्यावर एक केस उगवला नाही.

मग त्यांनी तालमीच्या म्हाताऱ्या हैबती वस्तादाला बोलावलं. "केस राखणारी खरी मेहनत त्या बिरूला शिकवलीस आणि माझ्यापासून लपवलीस! ती सांग, नाहीतर उद्या तालमीला कुलूप."

वस्ताद हात जोडून म्हणाला, "सरकार, मेहनतीनं केस येत नाहीत अन् जातही नाहीत. तुमच्या वडिलांच्या, आजोबांच्या डोक्याला मी या हातांनी तेल चोळलंय. दोघांनाही असंच टक्कल होतं. बिरूच्या बापाला सत्तरीतही दाट केस, पण घरात दाणा नव्हता. वाडवडिलांकडून त्याला नुसते केस मिळाले, तुम्हाला टक्कल आणि जहागीर. अदलाबदल करायची तर सगळ्याचीच करावी लागेल. बिरूला बोलावू का?"

मानाजीरावांनी घाईघाईनं पगडी चढवली. "नको, नको! उद्या जोर किती काढायचे, तेवढं सांग."