गिरणीच्या पोटातला उजेड

यंत्रं आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात पिठाची गिरणी होती. दिवेलागणीला बायका दळणाचे डबे घेऊन आल्या की ती घरघरत सुटायची. आपण आहोत म्हणून गाव जेवतं, असा तिचा तोरा.

नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे लागायचे, पंखे फिरायचे, विहिरींवरच्या मोटारी पाणी ओढायच्या. एका संध्याकाळी गावाबाहेरच्या म्हाताऱ्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज तारेतून आला.

"गिरणीबाई, माझ्या पोटातलं तेल उकळायला लागलंय. सगळे एकदमच मागतात. घटकाभर थांबशील? नाहीतर मी जळेन आणि गाव अंधारात बसेल."

"मीच का म्हणून?" गिरणी फणकारली. "मोटारींना सांग."

"सांगितलं. त्या तुझ्याकडे बोट दाखवतात."

गिरणी ओशाळली. तिनं अंग आखडून चाकावरचा पट्टा खाली पाडला. दगड थांबले. हवेतलं पीठ हळूहळू खाली बसलं आणि पहिल्यांदाच तिला दारातून गाव दिसलं.

मिणमिणते दिवे एकेक करून उजळत गेले. आधी देवळापाशी, मग वस्तीवर. शेवटी पार डोंगराच्या कुशीत, जिथं कुणी राहतं हेही तिला ठाऊक नव्हतं, तिथं एक दिवा लख्ख झाला.

गिरणीवाल्या भिवसेननं पट्टा पुन्हा चढवला, तो पुन्हा घसरला. "राहू द्या, सकाळी दळू," तो बायकांना म्हणाला.

गिरणी त्या दिव्याकडे बघतच राहिली. एवढा उजेड रोज आपल्या पोटात जात होता, हे तिच्या गावीही नव्हतं.