कागदाइतका थर

“सगळं माहीत असून माझ्या तोंडून ते निघालंच कसं, भंते?”

विचारणारे डॉक्टर विश्वंभर केळसकर. माणसाच्या कातडीच्या रंगावर संशोधन करण्यात आणि तेच शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. काटोलच्या रस्त्यावर टेकडीवर एक लहानसा विहार आहे. तिथले भंते शीलरक्षित त्यांचे गुरू. बऱ्याच वर्षांनी डॉक्टर इकडे आले होते.

भंते ओट्यावर बसले होते. हात चीवरात गुंडाळलेले.

“काय निघालं तोंडून?”

“मुलानं लग्न ठरवलंय. मुलीला घरी घेऊन आला. केतकी. सगळ्यांसमोर मी तिला म्हणालो, ‘फोटोत तू इतकी काळी वाटली नव्हतीस.’”

“मग?”

“ती उठली. नमस्कार केला आणि गेली. तिच्यामागोमाग मुलगाही गेला… तो परत आला नाही. फोन उचलत नाही.”

“आणि तुला माहीत काय होतं?”

डॉक्टर ताठ बसले. आवाज वर्गातला झाला.

“रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्यात काय, काळ्यात काय, जवळपास सारख्याच असतात. कोणात त्या रंग जास्त बनवतात, कोणात कमी. कडक उन्हाच्या मुलखात काळ्या कातडीनं माणसाला राखलं, कमी उन्हाच्या मुलखात उजळ कातडीनं. सगळा उन्हाचा खेळ. आणि हा रंग असतो तो थर कागदाइतका पातळ!”

“त्याच्या खाली?”

“सगळे सारखे.”

“हे केतकीला सांगणार आहेस?”

“हो. माफी मागेन आणि नीट समजावून सांगेन.”

“समजून घ्यायचं राहिलंय ते तिला…?”



भंतेंनी चीवरातून हात बाहेर काढले. समोरच्या ताटलीतलं संत्रं उचललं, सोललं आणि एक फोड डॉक्टरांपुढे धरली.

हातावर कोड होतं. बोटांपासून मनगटापर्यंत पांढरंफटक. मागच्या भेटीत नव्हतं.

फोड घ्यायला पुढे आलेला डॉक्टरांचा हात मागे गेला.

…

भंते हात पुढे धरूनच राहिले.

“कोड लागत नाही,” डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. “शिवल्यानं नाही, एकत्र खाल्ल्यानं नाही. तिथल्या रंगाच्या पेशी नाहीशा होतात, एवढंच. हे मी मुलांना शिकवतो, भंते.”

“चांगलं शिकवत असशील.”

हात तसाच.

डॉक्टरांचे कान तापले. त्यांनी फोड घेतली, तोंडात टाकली. थोडा वेळ ती तशीच गालात राहिली. मग चावली. गिळली.

खालच्या रस्त्यानं एक ट्रक गेला.

“मी आजच जातो तिच्याकडे,” डॉक्टर म्हणाले. “समजावत बसणार नाही. नुसती माफी मागेन.”

“जा.”

डॉक्टर उठले नाहीत.

“भंते… तिच्यासमोर मी पुन्हा असाच मागे सरलो तर?”

“सरशील.”

डॉक्टरांनी वर पाहिलं. भंते संत्र्याची आणखी एक फोड सोडवत होते.

“ही घे.”