पडू न देणारं घर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांची नातवंडंही म्हातारी होऊन गेली. तेव्हा एक राजा होता, आणि त्याला लहानाचा मोठा करणारी एक आत्या होती.

आत्या थकली. एके दिवशी परसदारच्या पायरीवरून पडली, ती पुन्हा उठलीच नाही. राजा पोरासारखा रडला. मग डोळे पुसून त्याने हुकूम काढला. ज्या म्हाताऱ्यांना सांभाळायला कोणी नाही, त्यांच्यासाठी गावोगावी एकेक सावलीघर बांधावं, आणि त्या घरात एकही म्हातारं माणूस पडता कामा नये.

राजाचं मन चांगलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. या गोष्टीत दुष्ट माणूस शोधू नका, मिळायचा नाही. दुष्ट कोणी नसतानाही वाईट कसं होतं, तेच मला सांगायचं आहे.

दरवर्षी सुगी संपली की राजाचा तपासनीस घोड्यावर बसून निघे. त्याच्या पुढे तुतारीवाला चाले, कारण राजाच्या माणसाने गुपचूप येणं त्या काळी कमीपणाचं मानत. त्यामुळे तो ओढ्याच्या पलीकडे असतानाच गावाला कळे, आणि सावलीघरात घासापुशी सुरू होई.

तपासनीस सरळ माणूस होता. कुणाकडचं ताकसुद्धा घेत नसे. आमटी चाखून बघे, खाटांखाली वाकून बघे, पांघरुणं हुंगून बघे. शेवटी कारभारणीला विचारी, "वर्षभरात कोणी पडलं?"

"नाही, रावसाहेब."

"छान."

एवढं झालं की दारावर राजाची जरीची पताका लागे. मग वर्षभर गाव शेजारच्या गावांपुढे नाक वर करून हिंडे. ज्या घरात कोणी पडलं असेल, त्याला पताका नाही.

आता नदीकाठच्या एका गावातल्या सावलीघराकडे येऊ. तिथली कारभारीण मोठ्या मायेची बाई. कुणी रात्री खोकलं तर हिचा डोळा लागत नसे. सगळे तिला अक्का म्हणत. पण घर उघडलं त्याच वर्षी एक म्हातारा ओसरीवरून पडला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. पताका आली नाही. पाणवठ्यावर ती दिसली की बायका बोलायच्या थांबत. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, पण न बोललेलं जास्त लागतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने विचार केला, जो उभा राहतो तोच पडतो. जो उभाच राहिला नाही, तो पडेल कसा?

मग तिने सगळ्यांच्या काठ्या गोड बोलून काढून घेतल्या आणि माळ्यावर ठेवल्या. खाटांना बांबूचे कठडे बांधले. जेवण खाटेवर, अंघोळ खाटेवर, भजनही खाटेवरच. कुणी पाय खाली सोडले की ती हातातलं काम टाकून धावत येई. "काय हवं ते मला सांगा ना. मी आहे की." तळहाताच्या फोडासारखं जपलं तिने सगळ्यांना. आणि खरोखरच त्यानंतर त्या घरात कोणी पडलं नाही. तपासनिसाला ती एका अक्षराने खोटं बोलली नाही.

एका वर्षी तपासनीस येऊन गेल्यावर त्या घरात एक म्हातारी आली. ठकूआजी तिचं नाव. जन्मभर तिने लोकांची गुरं चारली होती. संध्याकाळी गुरं सावलीघराच्या फाटकावरून गावात परतत. घंटांचा आवाज कानावर आला की ठकूआजी उठून बसे.

"काठी दे गं पोरी. गुरं बघून येते."

"उद्या हं, आजी."

फाटक काही लांब नव्हतं, अंगण ओलांडलं की आलंच. पण तो उद्या काही उगवला नाही. आधी आजी रागावून मागायची. मग गोडीने मागू लागली. पुढे पुढे नुसती मागायची म्हणून मागायची. तिच्या पायांत अजून जीव होता, पण पाय काही कुणाची वाट बघत थांबत नाहीत. वापरले नाहीत तर ते निघून जातात, आणि जाताना सांगतही नाहीत.

तिच्यापासून एक खाट सोडून गोंदाजी पैलवान होता. त्याने काठी मागणं कधीच सोडलं होतं.

पुढची सुगी संपली आणि पुन्हा तुतारी वाजली. कारभारणीने घाईघाईने रिठ्याचं पाणी ओतून फरशी अशी घासून घेतली, की तीत तोंड दिसावं. ती वाळायच्या आतच तपासनीस दारात आला. जळमटं शोधायची म्हणून त्याची मान वर, आणि खाली रिठ्याचा फेस. पाय सरकला आणि तपासनीस दाणकन आडवा झाला.

 मग गोंदाजी पैलवान शांतपणे म्हणाला, "अक्का, औंदा एक पडला बघ."

कारभारणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तपासनीस कळवळत होता, पण नियमाचा पक्का. तशातही म्हणाला, "मी इथला नव्हे. मला धरायचं नाही."

वैद्य आला. गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं. त्याने बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि सांगितलं, की आता घोड्यावर बसायचं नाव काढू नका. तुतारीवाला घोडा घेऊन परत गेला. तपासनिसाला निजवायचं कुठे? ठकूआजी आणि पैलवान यांच्या मधली खाट रिकामी होती, तिथेच त्याला निजवलं.

खोटं कशाला बोला, त्याला तिथे आवडलं. सकाळी गरम पेज, दुपारी तळपायांना तेल. विचारपूस तर इतकी, की सख्ख्या आईनेही केली नसती. तो मनात म्हणाला, या घराला पताका दिली ती उगीच नाही.

यथावकाश हाड जुळलं. वैद्याने कामट्या सोडल्या. "आता रोज थोडं थोडं पाऊल टाका," असं सांगून तो गेला. कारभारणीने वाटीभर लापशी पुढे केली. "इतकी घाई कशाला, रावसाहेब? पुन्हा पडलात म्हणजे?"

तपासनिसाला ते पटलं. लापशीही चांगली होती. असे बरेच दिवस गेले.

एका संध्याकाळी गुरांच्या घंटा वाजल्या. ठकूआजीने काठी मागितली, कारभारणीने उद्या म्हटलं. रोजचंच ते, पण त्या दिवशी तपासनिसाला वाटलं, बघू तरी ही रोज कशासाठी जीव टाकते. त्याने कठड्याची दोरी सोडली, पाय खाली घेतले आणि उभा राहिला.

दोन्ही पाय लटपटले. मोडलेला लटपटला ते ठीक, पण धड पायही लटपटला. तो मटकन खाटेवर बसला. धोतर वर करून त्याने मांडी चाचपली. ती आपली वाटेना, इतकी वाळली होती. आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर घाबरला.

मग त्याने शेजारी विचारलं, "पैलवान, तुमचा कुठला पाय मोडला होता?"

"एकबी नाही."

"मग असे का बसून?"

"बसवलं, म्हणून बसलो."

"इथे आलात तेव्हा?"

"चालत आलो की. डोक्यावर वळकटी घेऊन."

तपासनिसाने पलीकडच्या खाटेला विचारलं, त्याच्या पलीकडच्या खाटेला विचारलं. कुणी पायी आलं होतं, कुणी काठी टेकत आलं होतं. एक म्हातारी तर नदी उतरून आली होती. सगळे आपल्या पायांनी त्या दारातून आत आले होते.

तपासनिसाने दाराकडे बघितलं. किती वर्षं तो या घरात येत होता आणि कोण पडलं एवढंच विचारून जात होता. कोण चालतं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. राजाने विचारायला सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही सुचलं नव्हतं.

सकाळी त्याने कारभारणीला बोलावलं. "अक्का, माळ्यावरच्या काठ्या काढा. एक मला द्या, एक ठकूआजीला."

तिचा चेहरा पांढरा पडला. "नको, रावसाहेब. ती पडली तर?"

"पडेलही."

"तुम्हाला पडेलही म्हणायला काय जातं? माझ्या मांडीवर एक जीव गेलाय." तिने पदर डोळ्यांना लावला. "त्याला मीच म्हटलं होतं, जा ओसरीवर, उन्हात बसा जरा. तेव्हापासून मी कुणाला जा म्हणत नाही."

 पताकेसाठी ती हे करत होती असं तपासनिसाला वाटलं होतं. आपण तिला इतकी वर्षं एकच प्रश्न विचारून त्या जुन्या जखमेवर दरवर्षी मीठ चोळत होतो, हे त्याच्या आता ध्यानात आलं.

"त्यात तुमची चूक नव्हती," तो म्हणाला. "तो ओसरीवर एकटा गेला, एवढंच चुकलं. आजीला एकटं नाही सोडायचं. एका अंगाला तुम्ही, दुसऱ्या अंगाला मी."

"तुम्हालाच धरायला दोन माणसं लागतील."

"मग आजी धरेल मला."

ठकूआजी हे सगळं ऐकतच होती. "धरीन की," ती म्हणाली. "आडमुठे बैल धरलेत मी."

कारभारणीला रडता रडता हसू आलं, आणि ती शिडी आणायला गेली.

पहिल्या दिवशी दोघं खाटेपासून खांबापर्यंत गेली आणि घामाघूम होऊन परत आली. मग दारापर्यंत, मग ओसरीपर्यंत. कारभारीण पुढे दोन्ही हात पसरून उलटी चाले. आजी तिला म्हणे, "सरक गं, वाट दिसू दे." तपासनिसाने पाय ओढला की त्यालाही बोलणी बसत. फरशीवर वाळू टाकून कारभारणीने ती खरखरीत करून घेतली. भिंतीला धरायला एक आडवी काठी गावच्या सुताराकडून ठोकून घेतली.

आणि एका संध्याकाळी, घंटा ऐकू आल्या तेव्हा ठकूआजी फाटकात उभी होती. गुरं धूळ उडवत आली. एक पांढरी गाय थांबली, आजीने तिच्या कपाळावर हात ठेवला.  आजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिला हात मोकळा करायचा नव्हता.

परत फिरताना अंगणात तिचा पाय मुडपला. कारभारणीने धरेपर्यंत आजी खाली बसली, कोपर खरचटलं, रक्त आलं. कारभारीण तिच्याशेजारीच कोसळली आणि हुंदके देऊ लागली.

"रडतेस कशाला?" ठकूआजी म्हणाली. "पडले, बस्स. आता उठव की."

कारभारणीने तिला उठवलं.

तपासनीस राजधानीत परतला तो काठी टेकत. राजाने विचारलं, "नदीकाठच्या घरात कोणी पडलं?"

"दोघं पडली, महाराज. एक मी आणि एक ठकूआजी."

राजाच्या कपाळावर आठी चढली. "मग माझ्या हुकमाचं काय झालं?"

"हुकूम तंतोतंत पाळला होता, महाराज. इतका, की त्या घरात उभं राहायला कोणी उरलं नव्हतं." आणि त्याने सगळं सांगितलं, आपल्या वाळलेल्या मांडीपासून खरचटलेल्या कोपरापर्यंत. मग भीत भीत विचारलं, "महाराज, आत्याबाई पडल्या तेव्हा निघाल्या कुठे होत्या?"

राजाच्या कपाळावरची आठी विरली. "परसात. अळूची पानं तोडायला. मला आवडतं म्हणून."

"त्यांना कुणी खाटेवर बसवून ठेवलं असतं तर?"

"तिने घर डोक्यावर घेतलं असतं," राजा म्हणाला. मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी तिच्यासोबत परसात कोणी जायला हवं होतं. मीच जायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी हुकूम बदलला. तुतारी बंद झाली. पताकाही बंद झाली. तपासनिसाने न सांगता जावं, त्याच घरात खाट टाकून राहावं, तिथलंच जेवावं, आणि आज कोण कुठे जाऊन आलं, हे आधी विचारावं. कुणी पडलं तर कारभारणीने बेधडक सांगावं. तिला दटावू नये, तिच्या मदतीला आणखी माणसं द्यावीत.

त्यानंतर त्या राज्यातल्या सावलीघरांत माणसं अधूनमधून पडू लागली, आणि पुष्कळ माणसं चालूही लागली.

गोंदाजी पैलवान मात्र पुन्हा चालला नाही. त्याच्या पायांना फार उशीर झाला होता. एका दुपारी कारभारीण त्याचे तळपाय मांडीवर घेऊन तेल लावत बसली होती. ती मान खाली घालून म्हणाली, "बाबा, तुमचे पाय मी घालवले."

पैलवान छपराकडे बघत होता. "तू वाईट नाही केलंस, अक्का," तो म्हणाला. "तू भ्यालीस. पण पाय माझे गेले."

 ती तेल लावत राहिली, आणि पैलवानाने पाय काढून घेतले नाहीत.

तात्पर्य: म्हाताऱ्या माणसाला जपायचं, तर पडेल म्हणून त्याला बसवून ठेवू नये, त्याच्यासोबत चालावं.